पाळी गेली आणि साखर आली

भायखळ्याच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत आमचा दवाखाना आहे, त्यास आता चाळीस वर्षे होत आली. पहाटेचे घाऊक सौदे आटोपून बाजार थोडा निवला, की नऊ-साडेनऊच्या सुमारास बायका येऊ लागतात. कोणी घोडपदेवच्या चाळीतली, कोणी माझगावची, कोणी आग्रीपाड्याची. त्यांतल्या पन्नाशीच्या आसपासच्या बायकांचे गाऱ्हाणे इतके ठरलेले असते की, त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच आम्हांस ते ऐकू येते. "डॉक्टर, पाळी गेली आणि साखर आली." या वाक्यात कितपत तथ्य आहे, आणि पाळीबरोबर शरीरातून जे नाहीसे झाले ते औषधाच्या रूपाने परत घातले तर साखर उतरेल काय व हृदय सांभाळले जाईल काय, हा आमचा आजचा विषय. विषय बायकांचा खरा. पण म्हणून पुरुष श्रोत्यांनी चुळबुळ करू नये. घरात आई, बहीण, बायको यांपैकी कोणी तरी या वयाची असतेच, आणि तिच्या औषधाची चिठ्ठी बहुधा आपणच दुकानात नेतो.

प्रथम पाळी जाते म्हणजे काय होते ते पाहू. पाश्चात्त्य देशांत पाळी साधारणपणे एक्कावन्नाव्या वर्षी जाते. आपल्याकडे ती शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीच जाते. म्हणजे आपल्या बायकांच्या वाट्याला ही अवस्था चार-पाच वर्षे आधी येते आणि तितकी अधिक वर्षे पुरते. बीजकोशातून रोज रक्तात पाझरणारा इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव या सुमारास आटतो. हा स्राव केवळ अपत्यजन्मासाठी आहे अशी पूर्वी समजूत होती. ती चुकीची होती. रक्तवाहिनीच्या अस्तराला तो लवचिक ठेवतो, यकृताकडून वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेववितो, आणि चरबी कोठे साठवावी याचीही व्यवस्था पाहतो. तो आहे तोवर बाईची चरबी मांड्यांवर व कमरेवर बसते. तो गेला की ती पोटात, आतड्यांच्या भोवती जमू लागते. लुगड्याच्या निऱ्या अलीकडे पुरत नाहीत असे बाई म्हणते, तेव्हा ती हेच सांगत असते. वजनकाट्यावर काही फारसे दिसत नाही, पण माल एका गोदामातून दुसऱ्यात गेलेला असतो, आणि हे दुसरे गोदाम मोठे खोडकर. पोटातली चरबी आपली तेलकट आम्ले थेट यकृताकडे पाठविते, यकृत सुस्तावते, स्नायू इन्शुलीनचे ऐकेनासे होतात, आणि स्वादुपिंडाला दुप्पट राबावे लागते. ज्या स्वादुपिंडाची ताकद मुळातच बेताची, ते काही वर्षांत थकते. मग साखर चढते. तेव्हा "पाळी गेली आणि साखर आली" हे वाक्य अगदीच खोटे नाही. वाढते वय, बैठे काम, आईबापांकडून आलेला वारसा हेही त्यात आहेत. परंतु दाराची कडी काढून देण्याचे काम या घटनेने पुष्कळदा केलेले असते.

आपल्या लोकांत हे विशेष का, याचे उत्तर पुण्याच्या केईएम इस्पितळातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार चांगल्या रीतीने दिले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात त्यांनी आपले व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांच्याही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. दिसावयास दोघेही सडपातळ. पण यंत्राने मोजले तेव्हा इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! आपण बारीक दिसून आतून लठ्ठ असतो. याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हेही डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील बाळंतिणींवर व त्यांच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून दाखविले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर निघाली, तिचे मूळ बरेचसे येथे आहे.

आता हृदयाकडे वळू. अमेरिकेत फ्रामिंगहॅम नावाच्या गावी १९४८ पासून गावकऱ्यांची प्रकृती तपासत राहण्याचा एक प्रदीर्घ उद्योग चालू आहे. त्यात असे आढळले की, पाळी चालू असलेल्या बाईला हृदयविकाराचा झटका जवळजवळ येत नाही. पाळी गेल्यावर मात्र ती हळूहळू पुरुषाच्या पंक्तीला जाऊन बसते. त्याच उद्योगातून दुसरी गोष्ट बाहेर आली ती अधिक भयंकर. मधुमेह झाला की बाईचे हे निसर्गदत्त कवच वेळेआधीच गळून पडते. मधुमेहाने पुरुषाचा धोका जितक्या पटीने वाढतो, त्याहून अधिक पटीने बाईचा वाढतो. आणि बाईच्या छातीत दुखले तर घरात काय म्हणतात? "पित्त असेल, लिंबूपाणी घे." मधुमेही बाईचा झटका पुष्कळदा छातीत न दुखताच येतो. नुसता घाम, दम, मळमळ. ती पोळ्या लाटून संपविते आणि मग आडवी होते. आमच्याच आळीत आम्ही हे पाहिले आहे.

इतके कळल्यावर वैद्याच्या मनात पहिला विचार कोणता यावा? जे गेले ते परत द्यावे. हा विचार इतका सरळ आहे की त्यात काही खोट असेल असे कोणास वाटले नाही. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या बाजारात आल्या. (भायखळ्याला एके काळी घोड्यांच्या शर्यती होत, घोड्याचा असाही उपयोग होईल हे त्या शौकिनांच्या स्वप्नातही आले नसेल.) पुढे १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने पाळी जाणे हा एक रोग आहे व तो औषधाने टाळता येतो, अशा थाटाचे पुस्तक लिहिले आणि ते हातोहात खपले. त्याच सुमारास पुरुषांच्या हृदयाला इस्ट्रोजेन देऊन पाहण्याचाही एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्यांच्यात झटके कमी होण्याऐवजी वाढले व १९७० साली मोठ्या मात्रेचा भाग बंद करावा लागला. ती सूचना होती. पण पुरुषांची गोष्ट वेगळी असे म्हणून ती बाजूला ठेवली गेली. ज्या बायका आपण होऊन हे औषध घेतात त्यांना हृदयविकार कमी होतो, अशी निरीक्षणे ढिगाने येत राहिली. त्या बायका शिकलेल्या, खाऊन पिऊन सुखी, डॉक्टरकडे वेळच्या वेळी जाणाऱ्या होत्या, आणि अशांना हृदयविकार तसाही कमीच होतो, हे लक्षात यावयास उशीर लागला.

तो उशीर आमच्याही हातून झाला. १९९६ साली आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत. वय ६३, मधुमेह बारा वर्षांचा, पाळी जाऊन सोळा वर्षे झालेली. त्यांना अंगातून वाफा येत नव्हत्या, झोप चांगली होती, तक्रार काही नव्हती. परंतु मधुमेह आहे, हृदय सांभाळले पाहिजे, आणि परदेशी मासिके तर तसेच सांगत आहेत, म्हणून आम्ही त्यांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहून दिल्या. सात महिन्यांनी त्यांचा डावा पाय पोटरीपासून मांडीपर्यंत सुजला. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तीन आठवडे इस्पितळात काढून त्या वाचल्या. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. उलट दिवाळीस चिवडा घेऊन आल्या. गोळीमुळे असे झाले असेल हे त्यांच्या मनात आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी आमच्याही मनात आले नाही.

ते आले १९९८ साली. ज्यांना हृदयविकार आधीच आहे अशा २,७६३ बायकांवर 'हर्स' नावाचा प्रयोग झाला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसावयास तशीच पण पोकळ गोळी. कोणास कोणती हे डॉक्टरासही ठाऊक नाही. चार वर्षांअखेर फायदा शून्य, आणि पहिल्या वर्षी तर खऱ्या गोळीवाल्यांत झटके अधिक. त्यानंतर २००२ च्या जुलैत १६,६०८ बायकांवरचा याहून फार मोठा प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्याचे आकडे वाचकांनी नीट लक्षात घ्यावेत, कारण त्यांवरून नंतर फार आरडाओरड झाली. पोकळ गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३० जणींना हृदयविकाराचा झटका आला, तर खरी गोळी घेणाऱ्यांत ३७ जणींना. पक्षाघात २१ चे २९ झाले. स्तनाचा कर्करोग ३० चा ३८ झाला. फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रमाण ८ वरून १६ वर गेले. उलट खुब्याचे हाड मोडणे कमी झाले. म्हणजे दर दहा हजारांत सात-आठ जणींचा फरक. ज्या बाईला त्रास असह्य आहे तिच्या दृष्टीने हा फरक लहान आहे. ज्या बाईला काहीच त्रास नाही आणि जी केवळ हृदयाच्या रक्षणासाठी गोळी घेते, तिच्या दृष्टीने तो मुळीच लहान नाही, कारण रक्षणासाठी घेतलेले औषधच मारू लागले तर त्यास काय म्हणावे? आम्ही त्या शिक्षिकाबाईंचा जुना केसपेपर शोधून काढला आणि तारखा पाहिल्या.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. याच प्रयोगांत साखरेच्या बाजूने इस्ट्रोजेन चांगले ठरले! 'हर्स'मध्ये पोकळ गोळीवाल्यांपैकी ९.५ टक्के बायकांना नव्याने मधुमेह झाला, तर खऱ्या गोळीवाल्यांपैकी ६.२ टक्क्यांनाच. मोठ्या प्रयोगातही हे प्रमाण ४.२ वरून ३.५ टक्क्यांवर आले. अनेक लहान प्रयोगांची बेरीज करून २००६ साली असेही दाखविण्यात आले की, मधुमेह असलेल्या बायकांत इन्शुलीनला होणारा विरोध या औषधाने बराच उतरतो. तेव्हा आमच्या भाजीबाजारातल्या बायकांचा तर्क निराधार नव्हता. पाळीबरोबर जे गेले ते परत दिले तर साखर थोडी खरोखरच वळणावर येते. मग देऊन का टाकू नये? कारण साखर कमी करणे हे साध्य नव्हे. झटका, पक्षाघात, डोळे, मूत्रपिंड वाचावेत म्हणून साखर कमी करावयाची. एका हाताने साखर उतरवून दुसऱ्या हाताने गुठळी देणारे औषध साखरेसाठी म्हणून देणे हा उलटा व्यवहार होय. साखरेला मेटफॉर्मिन आहे, ते स्वस्त आहे व त्याच्या गुठळ्या होत नाहीत.

पण घोड्याच्या गोळीने जे केले तेच प्रत्येक इस्ट्रोजेन प्रत्येक बाईत करील काय? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचा पुष्कळ उलगडा झाला. पहिली गोष्ट वेळेची. त्या मोठ्या प्रयोगातील बायकांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेल्या त्या. रक्तवाहिनी अजून निरोगी आहे तोवर इस्ट्रोजेन तिला जपते. एकदा तिच्या भिंतीत चरबीचे थर बसले, की तेच इस्ट्रोजेन थर फुटावयास व त्यावर रक्त गोठावयास मदत करते, असा हा विचार आहे. २०१६ साली 'एलिट' नावाच्या प्रयोगात ६४३ बायकांच्या मानेच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे मोजण्यात आल्या. पाळी जाऊन सहा वर्षे झाली नव्हती अशांच्या वाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग औषधाने बराच मंदावला. दहा वर्षे उलटलेल्यांत काहीच फरक पडला नाही. अर्थात भिंतीची जाडी म्हणजे झटका नव्हे. त्याच प्रयोगात हृदयाच्या वाहिन्यांतील चुन्यात फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय मधुमेही बाईच्या बाबतीत हे घड्याळ वेगळे लावावे लागते. पाळी जाऊन दोनच वर्षे झालेली, पण दहा वर्षांचा मधुमेह, जोडीस रक्तदाब आणि तंबाखूची मशेरी असलेली बाई कॅलेंडराप्रमाणे तरुण असेल. तिच्या रक्तवाहिन्या तरुण नाहीत.

दुसरी गोष्ट वाटेची, आणि आमच्या मते मधुमेही बाईसाठी हीच सर्वांत महत्त्वाची. गोळी पोटात घेतली की ती आतड्यातून निघून प्रथम सगळीच्या सगळी यकृतावर आदळते. यकृत हा रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांचा कारखाना. इस्ट्रोजेनचा असा लोंढा आला की तो जादा पाळी सुरू करतो. तसेच रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, आणि मधुमेह्याच्या रक्तात ती आधीच फार असते. तेच इस्ट्रोजेन कातडीवाटे दिले, म्हणजे दंडावर जेल चोळले किंवा पोटावर चिकटपट्टी लावली, तर ते थेट रक्तात उतरते व यकृतावर लोंढा जात नाही. बीजकोश तरी काय, स्राव पोटात थोडाच टाकीत होता! फ्रान्समधील संशोधकांनी २००३ पासून दाखविले आहे की, गुठळीचा धोका गोळीने अनेक पटींनी वाढतो, पण पट्टी व जेल यांनी वाढलेला दिसत नाही. तिसरी गोष्ट जोडीदाराची. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेन एकटे देता येत नाही, त्याने गर्भाशयाच्या अस्तरात कर्करोग होऊ शकतो. सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. जुन्या प्रयोगांतले कृत्रिम प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनने केलेले चांगले काम थोडेफार बिघडविते. शरीरातल्यासारखेच असलेले सूक्ष्म कणांचे प्रोजेस्टेरॉन साखरेच्या व चरबीच्या बाबतीत अधिक सोज्ज्वळ आहे.

२००२ नंतर डॉक्टर मंडळी या औषधाच्या नावानेच दचकू लागली. आम्हीही दचकलो, आणि त्यातून आमची दुसरी चूक झाली. २००५ साली बाजारात हमाली करणाऱ्या एका मराठवाड्यातील गृहस्थाची बायको आली. वय ३९. गावाकडे असताना छत्तिसाव्या वर्षीच तिची गर्भपिशवी व दोन्ही बीजकोश काढून टाकले होते. कशासाठी, हे तिला नीटसे सांगता येईना. रात्रभर अंगाची आग, झोप नाही, साखर नुकतीच लागलेली. तिने विचारले, "डॉक्टर, ह्यावर काही औषध नाही का?" औषध होते. पण पूर्वीचा पाय आमच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही म्हटले, "आहे, पण ते वाईट आहे." एकोणपन्नासाव्या वर्षी तिला हृदयविकाराचा झटका आला. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे आम्हांस कळते. परंतु नियम आधीच निघालेला होता. दोन्ही बीजकोश लवकर काढले आणि अंतःस्राव परत दिला नाही, तर हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो, हे अमेरिकेतील परिचारिकांच्या पाहणीने १९८७ सालीच सांगितले होते. अशा बाईला निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे. एरवी मना असलेल्या गोष्टी तिच्यात नसतील, तर हे तिचे हक्काचे देणे आहे. त्रेसष्टच्या औषधाला जे लागू ते एकोणचाळीसला लावण्याची आमची चूक होती.

आणि हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात एकट्यादुकट्या बाईचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार बायकांची २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने चौकशी केली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड बसतो, म्हणून पिशवीच नको, इथपर्यंत गोष्ट गेलेली. बीजकोश ठेवले तरी पिशवी काढल्यावर ते काही वर्षे आधी थकतात. या बायका पुढे मुंबई-पुण्यास येतात, त्यांच्या साखरेची व हृदयाची नोंद होते, पण छत्तिसाव्या वर्षी काय झाले हे कोणी विचारीत नाही. मधुमेही बाईची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी "पाळी कधी व कशी गेली?" हा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते.

अंतःस्राव म्हटला की आपण इस्ट्रोजेनच धरून बसतो, पण इन्शुलीन हाही अंतःस्रावच. १९२२ पासून तो माणसे जगवीत आला आहे. आणि आता तिसराच एक पुढे आला आहे. जेवण आतड्यात उतरले की आतडे जीएलपी-१ नावाचा स्राव सोडते. तो स्वादुपिंडाला जागे करतो, पोटाला दमाने घ्यावयास सांगतो आणि मेंदूला "पुरे" म्हणतो. मूळ स्राव दोन-चार मिनिटांत विरून जातो. अमेरिकेच्या वाळवंटातील एका विषारी घोरपडीच्या लाळेत त्याच्यासारखाच पण टिकाऊ पदार्थ १९९२ साली सापडला, व त्यातून २००५ साली पहिले औषध निघाले. २०१६ साली ९,३४० मधुमेह्यांवरील प्रयोगात या जातीच्या लिराग्लुटाइड या औषधाने झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मरण यांचे एकत्रित प्रमाण १३ टक्क्यांनी कमी केले. म्हणजे इस्ट्रोजेनकडून जे मागितले होते, साखरही उतरावी, पोटही उतरावे आणि हृदयही वाचावे, ते या स्रावाने दिले. मळमळ होते, वजनाबरोबर स्नायूही झडतात, आणि पन्नाशीनंतरच्या बाईला स्नायू व हाडे गमावणे परवडत नाही. म्हणून सोबत डाळ, अंडी, दूध आणि थोडा अंगाला ताण देणारा व्यायाम हवा. किंमत हा वेगळा विषय. हृदयासाठी कोलेस्टेरॉलची साधी गोळी व रक्तदाबाची गोळी यांना मात्र अजून तोड नाही. २००४ साली २,८३८ मधुमेह्यांवर ॲटोर्व्हास्टॅटिनच्या दहा मिलिग्रॅमने हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे आघात ३७ टक्क्यांनी घटले. हे औषध भायखळ्याच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि नेमके तेच बायका बंद करतात, कारण शेजारीण म्हणाली की त्याने गुडघे दुखतात.

केवळ पुढचे रोग टाळण्यासाठी, काही त्रास नसताना, पाळी गेल्यावरचे अंतःस्राव घेऊ नयेत, असे अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२२ साली पुन्हा सांगितले. २०२५ च्या नोव्हेंबरात तेथीलच औषध-नियंत्रण खात्याने या औषधांच्या माहितीपत्रकावरील काळ्या चौकटीतला हृदयविकाराचा इशारा काढण्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांतून लगेच "औषध निर्दोष" असे मथळे आले. दोन्ही गोष्टींत विरोध नाही. त्रासासाठी, योग्य वयात, योग्य वाटेने घ्यावे. हृदयाचा विमा म्हणून घेऊ नये. स्तनाचा कर्करोग, पूर्वीची गुठळी, पक्षाघात, झटका, कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर या वाटेस जाऊ नये. नाजूक जागेच्या कोरडेपणासाठी व वरचेवर होणाऱ्या लघवीच्या जळजळीसाठी लावावयाचे थोड्या मात्रेचे मलम मात्र निराळे. ते रक्तात फारसे जात नाही, मधुमेही बायकांना त्याचा चांगला उपयोग होतो, आणि लाजेपायी त्या ते मागत नाहीत.

मागच्या महिन्यात जेवणाचे डबे करून देणाऱ्या एक बाई आल्या. वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षे, मधुमेह तीन वर्षांचा. शेगडीपुढे उभे राहिले की आधीच आग, त्यात अंगातून वाफा. रात्री तीनदा पदर बदलावा लागतो. आम्ही रक्तदाब पाहिला, चरबी तपासली, स्तनांचा फोटो काढविला, घरात कोणाला गुठळी झाली होती काय ते विचारले, मशेरी सोडविली. मग दंडावर लावावयाचे जेल, रात्री प्रोजेस्टेरॉन आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"ह्याने साखर जाईल ना, डॉक्टर?"

"साखरेला आधीची गोळी आणि संध्याकाळी राणीच्या बागेला दोन फेऱ्या. हे तुमच्या वाफांना. साखर थोडी उतरली तर ती वरकड."

"आणि हृदयाला?"

"हृदयाला ती शेवटची छोटी गोळी. ती शेजारणीला विचारून बंद करावयाची नाही."

त्या हसल्या. दाराशी जाऊन परत फिरल्या. जेल सकाळी लावावयाचे, आणि पहाटे चारला तर त्यांना कणीक भिजवावी लागते, घरात तीन वर्षांची नात अंगाखांद्यावर खेळते. तर ते कसे करावे? प्रश्न आमच्यापेक्षा शहाणा होता. हाताला राहिलेले जेल कणकेत जाऊ नये आणि ओल्या दंडाला नातीने बिलगू नये. डबे गेल्यावर, आंघोळ उरकून लावा, वाळू द्या, हात साबणाने धुवा आणि बाही खाली ओढा, असे आम्ही सांगितले. तीन महिन्यांनी परत यावयाचे ठरले आहे.